फळीचे टोक पाहा

जालन्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि पाऊस पडू लागला की घराचे दार चौकटीत अडकते, हे तुम्ही पाहिले असेलच. लाकडाने हवेतला ओलावा शोषलेला असतो. मग भिंतीला लाकडी फळ्या बसवायच्या तर त्या कशा निवडाव्यात?

वखारीत फळीच्या गुळगुळीत अंगाला भुलू नका. तिचे कापलेले टोक पाहा. तेथे वाढवलयांच्या रेषा दिसतात. ओलाव्याने लाकूड लांबीत जवळजवळ वाढतच नाही. वलयांना छेदणाऱ्या दिशेत थोडे फुगते आणि वलयांच्या दिशेत त्याच्या सुमारे दुप्पट. म्हणून टोकावर उभ्या रेषा असलेली फळी सरळ राहते, तर आडव्या रेषांची पन्हळीसारखी वाकते. उभ्या रेषांची फळी महाग पडते, कारण ओंडक्यातून अशा फळ्या थोड्याच निघतात.

बाहेरच्या भिंतीसाठी सागाच्या गाभ्याचेच लाकूड घ्या. त्यातील टेक्टोक्विनोन हे द्रव्य वाळवीला मानवत नाही. सालीलगतचा फिकट भाग मात्र, सागाचा असला तरी, ती खुशाल फस्त करते! आतल्या भिंतीला पाऊस लागत नाही. तेथे स्वस्त लाकूड चालेल, पण ते चांगले वाळलेले आणि वाळवीचे औषध लावलेले हवे.

फळ्या उन्हाळ्यात बसवत असाल तर मध्ये बारीक फट ठेवा. कापलेल्या टोकांना आधी रंग द्या. पाणी सर्वांत लवकर तेथूनच शिरते.