बळदातली बाटली

पहाटे 4.30

इनामगावातून निघतो तेव्हा घोड नदीवरून बोचरा वारा येत असतो. फेब्रुवारी, म्हणजे द्राक्षतोडीचे दिवस. न्हावरा, पारगाव, चौफुला, पाटस असा दीड तास मोटारसायकलवर, वाटेत कारखान्याकडे डुलत निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. दार लावताना आई रोजचा प्रश्न विचारते, "आज किती थुंकणार?" वडील माळकरी आणि मुलगा वायनरीत. घरात तह झाला तो एवढ्यावरच : चव घ्यायची, गिळायचं नाही.

सकाळी 6.15

बॅटरीच्या उजेडात बायकांनी तोडणी सुरू केलेली असते. शिराझचे मणी लहान, निळसर काळे. ऊन चढायच्या आत क्रेट आत यायला हवेत. तापलेल्या द्राक्षाचा रस टाकीत पोचण्याआधीच आंबायला लागतो. रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकतो. साखर साडेतेवीस ब्रिक्स. वहीत नोंद.

ही जात मूळची फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली, तिथं तिला सिरा म्हणतात. 1832 मध्ये जेम्स बस्बी यांच्या संग्रहातल्या युरोपीय काड्या ऑस्ट्रेलियात पोचल्या, त्यांत हीही होती. तिथंही तोड साधारण याच महिन्यांत, पण त्यांचा उन्हाळा सरताना. आमचा मात्र अजून यायचाय.

सकाळी 8.00

टाकीत सालं वर येऊन जाड थर धरतात. त्याला आम्ही टोपी म्हणतो. खालचा रस पंपानं वर घेऊन टोपी भिजवायची, दिवसातून दोनदा. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. पंप जास्त चालवला, तर वाइन दाट आणि कडक होते. हात आवरला, तर मध्यम अंगाची. टाकीत डोकावायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा धडा. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड दिसत नाही आणि माणसाला सावधही करत नाही.

सकाळी 11.00

चव घ्यायची हीच वेळ. जिभेला भूक असते आणि डब्यातला ठेचा अजून उघडलेला नसतो. वायनरीतल्या मॅडमनी कागदात गुंडाळलेल्या तीन बाटल्या मांडल्या. पेला एकतृतीयांशच भरायचा. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहायचा, फिरवायचा, हुंगायचा, घोट तोंडभर घोळवायचा आणि बादलीत टाकायचा. बाहेर बत्तीस अंश तापमान होतं, पण बाटल्या सतराच्या आसपास ठेवलेल्या. त्याहून गरम झाली की नाकात आधी अल्कोहोलच शिरतं.

"सांगा दादा," मॅडम म्हणाल्या.

पहिल्या दोन आमच्याच निघाल्या : पिकलेलं जांभूळ, थोडी चिंच, मागून लाकडाचा वास. तिसरीत आधी करवंद आलं आणि मग घशाशी चक्क मिरी. तोंडात ती ताकासारखी पातळ नव्हती, बासुंदीसारखी दाटही नव्हती. निरशा दुधाएवढं तिचं अंग. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते, तितपतच तुरटपणा.

कागद सोडला. व्हिक्टोरिया राज्यातल्या ग्रॅम्पियन्स भागातली शिराझ. मिरीचा भास नव्हताच. रोटुंडोन नावाचा पदार्थ काळ्या मिरीत असतो, तोच या द्राक्षाच्या सालीतही असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. थंड भागात हा पदार्थ जास्त तयार होतो. आमच्या माळावरच्या उन्हात मिरी हरते आणि जांभूळ जिंकतं.

"ही किती वर्षं राहील?" मी विचारलं.

"आठ-दहा, नीट ठेवली तर. अंग मध्यम म्हणून आयुष्य कमी असं नसतं. आंबटपणा, तुरटपणा आणि फळ यांचा तोल बघायचा."

दुपारी 2.00

पिंपांची खोली. 225 लिटरच्या ओक पिंपातून वाइन थोडी थोडी उडून जाते, ती जागा भरून काढायची. नाहीतर हवा शिरते आणि वाइन शिरक्याच्या वाटेला लागते. खोली पंधरा अंशांवर, अंधारी. बुचाच्या बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं. आटेवाल्या झाकणाच्या उभ्या ठेवल्या तरी चालतं. वीज गेली की जनरेटर लागेपर्यंत सगळ्यांचे डोळे तापमापकावर.

संध्याकाळी 5.00

असा तापमापक तेव्हा माझ्या घरी असता, तर एक बाटली वाचली असती. मेलबर्नच्या मामेभावानं दोन शिराझ आणल्या होत्या. एक मी पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात ठेवली. एप्रिल गेला, मे गेला. झाकण आटेवालं, त्यामुळे बाहेरून काहीच कळलं नाही. वायनरीत नेऊन उघडली, तर करपलेल्या मुरंब्याची चव. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या क्रिया साधारण दुप्पट वेगानं होतात. एका उन्हाळ्यातच तिला अकाली म्हातारपण आलं होतं.

रात्री 8.00

दुसरी बाटली बळदात आहे, आता तापमापकासह. जुन्या घराच्या दोन हात जाड मातीच्या भिंतीतली ही धान्याची जागा. पत्र्याखाली एक्केचाळीस अंश होते त्या दिवशी इथं सकाळी सत्तावीस होते आणि संध्याकाळी अठ्ठावीस. वाइनला हे जास्तच. दहा वर्षं नाही निघायची. पण रोजचा चढउतार तिला फार छळतो, तो इथं नाही. आमच्या गावात डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 उत्खनन केलं. सांकळिया, अन्सारी, ढवळीकरांच्या त्या खणण्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांजवळ धान्याची पेवं सापडली. घोडकाठच्या उन्हापासून जपून ठेवणं हे इथलं जुनंच काम.

मी बॅटरी लावून आकडा वाचतो. चोवीस.

"दार लाव आधी," आई पाठीमागून म्हणते, "गारवा निघून जातोय."