सोलराइज्डचे सोळा रंग

काळ्याभोर पडद्यावरची शुभ्र अक्षरे डोळ्यांस खुपतात, अशी तक्रार कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याने केली, तेव्हा मी त्यास ईथन स्कूनोव्हर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेली ‘सोलराइज्ड’ ही रंगयोजना दाखविली.

मजकूर व पार्श्वभूमीसाठी आठ सौम्य छटा आणि आठ उठावाचे रंग, एवढाच तिचा सरंजाम; परंतु त्या छटांमधील उजेडाचे अंतर सीआयई-लॅब या मापनपद्धतीने असे सममित राखले आहे, की पार्श्वभूमी गडद असो वा फिकट, अक्षरांचा उठाव तोच राहतो.

तिच्यातील कॉमेंटचा, म्हणजे प्रोग्राममधील टिपांचा, रंग मात्र मला फारच मंद वाटतो.

व्हीएस कोड या प्रोग्राम लिहिण्याच्या संपादकात, मूळ योजनेस धक्का न लावता, तेवढाच फेरफार करण्याची मुभा आहे: सेटिंग्जच्या जेसन फाइलीत ‘एडिटर.टोकनकलरकस्टमायझेशन्स’ या कलमाखाली ‘कॉमेंट्स’पुढे इच्छित रंगाचा कोड लिहावा.