मळसूत्राची चाल

बुधवारच्या जुन्या बाजारात मी भंगाराच्या एका ढिगासमोर उकिडवा बसलो होतो. पुण्यातला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. हत्यारांचं वेड असलेल्या माणसाचा पाय तिथून लवकर निघत नाही. त्या ढिगात हाताला लागला तो स्लॅबच्या सेंटरिंगखाली लावतात तसला जॅक. अंगठ्याहून जाड, दीड फूट लांब लोखंडी दांडा, त्यावर जाडसर आटे, एका टोकाला जोडलेली चौकोनी पाटी आणि दोन कान असलेला बिडाचा नट. नटाला दोन बोटांनी झोका दिला, तर तो दोन-तीन वेढे घेत खाली उतरला. सुतारकामाच्या बाकाला लावायच्या शेगड्यासाठी, म्हणजे वाईससाठी, मी दोन महिने स्क्रू शोधत होतो. तो असा चुन्या-सिमेंटच्या खपल्या अंगावर घेऊन समोर येईल असं वाटलं नव्हतं.

बाक तयार होता. पाडलेल्या एका वाड्याच्या सागवानी तुळया मिळाल्या, त्यांतून ९ सेंटिमीटर जाडीची फळी आणि चार पाय निघाले. आमच्या घरी लहानपणी येणारे सुतारमामा असला बाक पाहून नवल करत बसले असते. ते जमिनीवर बसत, फळीचं एक टोक भिंतीच्या कडेला किंवा खुंटीला टेकवत आणि दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात धरून रंधा मारत. पायांची ती पकड वर्षानुवर्षांच्या सवयीनं येते आणि कामाप्रमाणे क्षणात सैल किंवा घट्ट होते. माझ्या गुडघ्यांना ते जमत नाही. मला उभं राहूनच काम करावं लागतं, आणि उभ्यानं करवत चालवायची तर अंगठ्याच्या जागी काहीतरी लागतं. ती जागा स्क्रूची.

‘स्क्रू’ हा शब्द रुळायच्या आधी मराठीत मळसूत्र होतं आणि ते अजून आहे. गडावरचा, मिनारातला फिरत जाणारा जिना आपण मळसूत्री जिना म्हणतो. या शब्दात स्क्रूचं मर्म आलेलं आहे. मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. एका वेढ्यात तो चढ दांड्याच्या लांबीवर जितका पुढे सरकतो, त्याला मी चाल म्हणतो. शेगड्याचा स्क्रू निवडताना जवळजवळ सगळे जाडी बघतात. मीही तेच करत होतो. बघायला हवी ती चाल, हे मला कागदावर हिशोब मांडल्यावर कळलं.

आधी जाडीचं बघू. २८ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी स्क्रूला आट्यांच्या तळाशी साडेबावीस मिलिमीटर पोलाद उरतं. ते ताणून कायमचं लांबवायला सुमारे १० टन ओढ लागते. आता हात किती ओढ देतो? स्क्रूच्या मध्यापासून साडेबारा सेंटिमीटरवर हँडलला १० किलोचा जोर लावला, तर घर्षण वजा जाता जबड्यामागे साधारण २०० किलोची ओढ मिळते. म्हणजे स्क्रू गरजेच्या ५० पट दणकट आहे. बांधकामात वापरतात त्या १२ मिलिमीटरच्या आटेवाल्या सळीचीसुद्धा ताकद २ टनांच्या घरात जाते. तेव्हा “स्क्रू तुटेल का” हा प्रश्न सोडून द्यावा. त्याच्या आधी जबड्याचं लाकूड दबेल.

घर्षणाचं गणित मात्र मला फार आवडलं. घर्षण नसतंच, तर ५ मिलिमीटर चालीच्या स्क्रूवर त्याच हातानं दीड हजार किलोंच्या वर ओढ यायला हवी. प्रत्यक्षात येते २०० च्या आसपास. आठातले सात भाग घर्षण खातं. त्यातलं काही आट्यांमध्ये जातं आणि बाकीचं जबड्यावर घासत फिरणाऱ्या कॉलरखाली. हे नुकसान वाटतं, पण याच घर्षणामुळे हात काढला तरी शेगडा आपोआप सुटत नाही. शिवाय यातून एक नफा निघतो. चाल ५ ऐवजी ८ मिलिमीटर केली, तर ओढ त्याच प्रमाणात घटेल असं मनात येतं. तसं होत नाही, कारण ओढीचा बहुतेक भाग चालीमुळे जातच नव्हता. त्याच जाडीच्या स्क्रूवर हिशोब केला, तर २०८ किलोंचे १९१ होतात. चाल दुप्पट, म्हणजे १० मिलिमीटर केली, तरी १८२ उरतात. उलट जबडा १०० मिलिमीटर उघडायला ५ च्या चालीला २० वेढे लागतात, ८ च्या चालीला साडेबारा आणि १० च्या चालीला १०.

खण करताना एकेक फळी शेगड्यात किती वेळा जाते-येते ते ज्यानं अनुभवलंय, त्याला हे आकडे थेट मनगटात जाणवतील. माझ्या पहिल्या बाकाला मी एम-२० ची आटेवाली सळी लावली होती. तिची चाल अडीच मिलिमीटर, म्हणजे १०० मिलिमीटरला ४० वेढे. काही आठवड्यांत मी शेगडा वापरायचंच टाळू लागलो आणि फळी गुडघ्याखाली दाबून कापू लागलो. त्या सळीचे आटे ६० अंशांचे, टोकदार असतात. ते नट घट्ट बसून राहावा म्हणून काढलेले असतात, दिवसभर मागेपुढे करायला नव्हे. भुसा त्यात रुततो आणि टोकं बोथटतात.

मग चाल वाढवतच का जाऊ नये? कारण चढ. २८ मिलिमीटरच्या दांड्यावर ५ ची चाल म्हणजे साडेतीन अंशांचा चढ आणि १० ची चाल म्हणजे ७ अंशांचा. पोलाद-बिडाचं घर्षण कोरडं असताना सुमारे साडेआठ अंशांपर्यंतचा चढ रोखून धरतं. त्यावर भरपूर ग्रीस लावलं की हा आकडा ६ च्या खाली येऊ शकतो. मग ७ अंशांच्या चढावर आटे स्वतःहून धरत नाहीत. धरते ती फक्त कॉलर, आणि हातोडीच्या ठोक्यांनी ती थोडी थोडी सुटत राहते. म्हणून दुहेरी आट्यांचा, म्हणजे एकाशेजारी एक असे दोन आटे गुंडाळलेला, वेगवान स्क्रू ज्याच्याकडे असेल त्यानं ग्रीस लावू नये, मेण चोळावं. एकेरी आट्यांनाही मेणच बरं. ग्रीसवर भुसा बसून पावसाळ्यात त्याचा लगदा होतो.

लाकडी स्क्रूचं गणित मात्र वेगळंच आहे, आणि तो मोह मला बराच काळ होता. युरोपातल्या जुन्या बाकांवर ५० ते ६० मिलिमीटर जाडीचे लाकडी स्क्रू असत आणि इंचाला दोनच आटे, म्हणजे जवळजवळ १३ मिलिमीटरची चाल. १०० मिलिमीटरला ८ वेढे! दांडा जाड असल्यामुळे चढ मात्र पाचेक अंशांचाच राहतो आणि लाकडावर लाकूड मेणासकट चांगलं धरतं. हे तंत्र खूप जुनं आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरोननं पहिल्या शतकात लाकडी नटाच्या आत आटे पाडायच्या हत्याराचं वर्णन करून ठेवलंय. ऑलिव्ह आणि द्राक्षं पिळायचे रोमन घाणे मळसूत्रावर चालत. तरी सुताराच्या बाकावर ते फार उशिरा दिसतं. १५०५ साली न्यूरेंबर्गच्या मार्टिन लोफेलहोल्त्सनं काढून घेतलेल्या यंत्रचित्रांच्या हस्तलिखितात स्क्रूचे शेगडे लावलेला बाक आहे. ते हस्तलिखित आज क्राकुवच्या यागिएलोनियन ग्रंथालयात आहे. मधली चौदाशे वर्षं बहुतेक सुतारांनी खुंट्या आणि पाचरीवर भागवलं असावं. मला ते समजतं, कारण पाचर ठोकायला एक ठोका पुरतो.

आपल्याकडचे सुतारही मळसूत्र कोरत होते, पण ते बाकासाठी नव्हे, कापसासाठी. सरकी काढायच्या चरखीत दोन लाटणी एकमेकांविरुद्ध फिरावी लागतात. त्यासाठी दोन्हींच्या टोकांवर लाकडातच आटे कोरून ते एकमेकांत गुंतवलेले असत. अजिंठ्याच्या चित्रात अभ्यासकांनी सरकी काढण्याची जी कृती ओळखली आहे, त्यात साधं एकेरी लाटणं आहे. मळसूत्राची जोडचरखी त्यानंतर कित्येक शतकांनी आली. हातानं, डोळ्यानं अंदाज घेत असे आटे कोरणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर वाटतो. लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीनं धावतात आणि आटा त्यांना आडवा छेदतो. हत्यार जरा बोथट असलं की आट्याचं टोक ढलपीसारखं उडतं. म्हणून दांडा आधी जवसाच्या तेलात मुरवतात आणि लाकूड दाट, बारीक पोताचं घेतात. युरोपात हॉर्नबीम किंवा मेपल, आपल्याकडे शिसम किंवा जुनी मुरलेली बाभूळ.

मला अडवलं ते पावसानं. लाकूड लांबीत फुगत नाही, आडवं फुगतं, आणि आडवंही सगळीकडे सारखं नाही. वर्षवलयांच्या रेषेत ते जास्त फुगतं, त्यांना काटकोनात कमी. त्यामुळे मे महिन्यात गोल असलेला दांडा जुलैत किंचित अंडाकृती होतो. ६० मिलिमीटरच्या दांड्यात हा फरक पाऊण मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. कोरड्या दिवसांत नेमका बसवलेला स्क्रू मग ऐन पावसाळ्यात नटात अडकतो. आधीपासून सैल ठेवला तर चालतो, हे खरं. पण त्यासाठी नटाचे आटे पाडायचं हत्यार आणि दांड्याचं हत्यार एकमेकांशी जुळणारं हवं. मी ते जमवू शकलो नाही.

लोखंडी स्क्रूची गोष्ट मी थोडक्यात सांगतो. लंडनच्या हेन्री मॉडस्लेनं १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारा लेथ उभा केला. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थनं आट्यांचं एकच प्रमाण सुचवलं आणि एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसू लागला. ओढीच्या कामाला चौकोनी आटे सर्वांत कमी घर्षणाचे, पण पाडायला कठीण. म्हणून १९ व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत २९ अंशांचा ॲक्मे आटा आला आणि मेट्रिक देशांत ३० अंशांचा ट्रॅपेझॉइडल. आजचे शेगड्यांचे तयार स्क्रू बहुतेक याच घराण्यातले असतात. शेफील्डच्या रेकॉर्ड शेगड्यांत झटकन सुटणारा अर्धा नट असतो. खटका दाबला की नट आट्यांपासून दूर होतो आणि जबडा ओढून घेता येतो. त्यासाठी आटे करवतीच्या दात्यांसारखे एका बाजूनं उभे, दुसऱ्या बाजूनं उतरते केलेले असतात. जालंधरकडे बनणाऱ्या शेगड्यांतही ही रचना मिळते. ज्याला लाकडी शेगडा करायचाच नाही त्यानं पुण्याच्या बोहरी आळीतून किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून असा शेगडा उचलावा. दुकानात खटका दहा वेळा दाबून, नट दरवेळी आट्यात पूर्ण बसतो का ते बघावं.

मला पायाला जोडलेला उभा शेगडा हवा होता. त्यात स्क्रू बाकाच्या पृष्ठभागाखाली वीत-सव्वा वीत असतो आणि जबड्याची फळी जमिनीपर्यंत जाते. खाली भोकांची पट्टी आणि एक पिन. पिन टेकू होते, स्क्रू ओढतो आणि वरचं टोक फळी धरतं. माझ्या मापांनी पिनेपासून स्क्रू ५३ सेंटिमीटरवर आहे आणि जबड्याचं टोक ७५ सेंटिमीटरवर. म्हणून स्क्रूची १९० किलोंची ओढ वर १३५ किलोंची होते. सव्वाशे किलोंहून जास्त जोरानं सागाची फळी दाबायची गरज मला कधी पडलेली नाही.

या रचनेनं मला जॅकपर्यंत आणून सोडलं. घरी जाऊन मोजलं: दांडा ३२ मिलिमीटर, १० वेढ्यांत ८० मिलिमीटर, म्हणजे ८ ची चाल आणि चढ पाच अंशांच्या थोडा वर. वेगही आहे आणि सुटायची भीतीही नाही. नट खडखडत होता. एका टर्नर मित्रानं त्यावर नापसंती दाखवली, आणि त्याच्या कामात ती योग्यच आहे. लेथवर स्क्रू दोन्ही दिशांना नेमका चालावा लागतो, आट्यांतली ढिलाई तिथं माप बिघडवते. शेगड्यात मात्र ओढ नेहमी एकाच दिशेची असते. आट्याची एकच बाजू काम करते, दुसऱ्या बाजूला मोकळीक असली तर बिघडत नाही. उलट जबडा जरा तिरका झाला, तर ढिला नट दांड्याला वळू देतो. आधी मी एका दुकानातून घेतलेला नवा स्क्रू इतका घट्ट होता की लाकडातलं अर्ध्या अंशाचं तिरकेपण त्याला सहन झालं नाही आणि तो अर्ध्यावरच आवळून बसला.

जॅकच्या दांड्यावर शेगड्यासाठी तीनच कामं लागली. पाटी लेथवर ६० मिलिमीटरची गोल करून घेतली, तीच जबड्यावर टेकणारी कॉलर झाली. पाटीपुढे एक बोंड वेल्ड करून त्यात हँडलसाठी भोक पाडलं. वेल्डिंगपूर्वी जस्ताचा मुलामा घासून पूर्ण काढावा लागतो, त्याचा धूर छातीत गेला तर अंगात ताप भरतो. जबड्यामागे दांड्यावर ६ मिलिमीटरची खाच पाडली, तिच्यात शिसमाची दुभंगलेली पट्टी बसते. ती नसेल तर स्क्रू उलटा फिरवल्यावर एकटाच बाहेर येतो, जबडा जागेवरच राहतो.

नटाचे कान कापून तो पायाच्या मागच्या बाजूला चार स्क्रूंनी लावायचा होता. ही शेवटची पायरी मी एकदा चुकलो. नट आधी पक्का केला आणि दांडा त्यात तिरका घुसला. दुसऱ्यांदा नटाची भोकं मुद्दाम मोठी ठेवली, जबडा २० मिलिमीटरच्या फळीवर आवळला, दांड्याला स्वतःची जागा घेऊ दिली आणि मग चारही स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून पिळले. आता दांडा एका बोटानं फिरतो. खालच्या पट्टीतली पिन अजून तात्पुरतीच आहे, एक जुना १० मिलिमीटरचा बोल्ट. पितळी पिनेसाठी येत्या रविवारी पुन्हा जुन्या बाजारात जायचं आहे.