किशोरवयातील स्तनवेदना : कारणे, काळजी आणि गैरसमज

नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या एका स्तनाग्राखाली सुपारीएवढी, हात लावताच दुखणारी गाठ लागते आणि घरात काळजीचे वातावरण पसरते. कर्करोगाची शंका सर्वांच्या मनात असते, मात्र ती कोणी बोलून दाखवत नाही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ही गाठ म्हणजे वयात येण्याची पहिली खूण असते.

जबलपूर 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होते. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुली शाळेत हिंदी आणि घरी मराठी बोलतात. या दुखण्याविषयी मात्र त्यांना दोन्ही भाषांत संकोच वाटतो. स्तनाचा उल्लेख टाळून मुलगी 'छातीत दुखते' एवढेच सांगते. त्यामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष हृदयाकडे किंवा पोटातील वायूकडे वळते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

वाढीच्या वेदना

मुलींमध्ये स्तनांची वाढ साधारणपणे वयाच्या 8 ते 13 वर्षांदरम्यान सुरू होते. बीजकोशांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे स्तनाग्राखालील ऊती वाढू लागतात आणि तेथे लहान, टणक चकती तयार होते. ऊती ताणल्या गेल्याने ती दुखते; कपड्याचा स्पर्शही नकोसा होतो. ही वाढ अनेकदा एकाच बाजूस सुरू होते. दुसरी बाजू काही महिन्यांनी, बहुधा सहा महिन्यांच्या आत, वाढू लागते. त्यामुळे एकाच बाजूची गाठ हे आजाराचे लक्षण ठरत नाही. या खुणेनंतर सुमारे दोन ते अडीच वर्षांनी पहिली मासिक पाळी येते.

या टप्प्यावर घाई करणे धोक्याचे असते. ही चकती म्हणजे भावी स्तनाचा अंकुर होय. गाठ समजून ती कापून काढली, तर त्या बाजूच्या स्तनाची वाढ कायमची खुंटू शकते. म्हणून या वयात शस्त्रक्रियेचा किंवा सुईने तुकडा काढून तपासण्याचा सल्ला मिळाल्यास बालरोगतज्ज्ञाचे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घेणे इष्ट ठरते.

पाळीशी असलेला संबंध

पाळी सुरू झाल्यानंतर वेदनांचे स्वरूप बदलते. पाळीपूर्वीच्या आठवड्यात दोन्ही स्तन जड वाटतात, ठणकतात आणि पाळी येताच आराम पडतो. संप्रेरकांच्या मासिक चढउतारामुळे असे घडते. सुरुवातीची एक-दोन वर्षे पाळी अनियमित असल्याने हा संबंध चटकन लक्षात येत नाही. दोन-तीन महिने दुखण्याच्या आणि पाळीच्या तारखा वहीत नोंदवल्यास तो स्पष्ट होतो. डॉक्टरांनाही अशा नोंदींची मदत होते.

पाळीशी संबंध नसलेले दुखणे अनेकदा स्तनाचे नसून छातीच्या स्नायूंचे किंवा बरगड्यांच्या सांध्यांचे असते. जड दप्तर, खेळताना झालेला मार, सततचा खोकला किंवा अयोग्य मापाची अंतर्वस्त्रे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. मार लागल्याने कर्करोग होतो, या समजुतीला मात्र आधार नाही.

मुलांनाही त्रास

हा प्रश्न केवळ मुलींचा नाही. वयात येणाऱ्या सुमारे निम्म्या मुलांमध्ये संप्रेरकांच्या तात्पुरत्या असमतोलामुळे स्तनाग्राखाली दुखरी गाठ येते. बहुतेकांमध्ये ती सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप विरते. मित्रांच्या थट्टेला भिऊन मुले खेळणे आणि पोहणे सोडतात. अशा वेळी औषधापेक्षा पालकांच्या दोन शब्दांचा उपयोग अधिक होतो. शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या स्टिरॉइडयुक्त औषधांमुळेही असे होऊ शकते, याची चौकशी अवश्य करावी.

उपाय कोणते

योग्य मापाची सुती अंतर्वस्त्रे, धावताना व खेळताना घट्ट आधार देणारी अंतर्वस्त्रे आणि कोमट किंवा थंड शेक एवढ्याने बहुतेकांना आराम मिळतो. दुखणे असह्य असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन घेता येते. मुलांना ॲस्पिरिन परस्पर देऊ नये. गाठ जोराने चोळणे, दाबणे किंवा त्यावर गरम लेप लावणे टाळावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

स्तन लाल, गरम झाला असेल आणि ताप असेल, स्तनाग्रातून रक्त, पू किंवा अन्य स्राव येत असेल, गाठ झपाट्याने वाढत असेल किंवा पाळीनंतरही ती टिकून असेल, तर तपासणी आवश्यक ठरते. आठव्या वर्षापूर्वी वाढ सुरू होणे किंवा तेरा वर्षे पूर्ण होऊनही ती सुरू न होणे, या दोन्ही बाबी डॉक्टरांना दाखवाव्यात. पाळी चुकली असल्यास गरोदरपणाची शक्यताही संकोच न करता विचारात घ्यावी.

किशोरवयात सर्वाधिक आढळणारी गाठ फायब्रोॲडिनोमा या नावाने ओळखली जाते. ती बोटाखाली सरकते, सहसा दुखत नाही आणि कर्करोगाची नसते. या वयात स्तनांचा कर्करोग अत्यंत दुर्मीळ आहे. गरज भासल्यास सोनोग्राफी केली जाते. मॅमोग्राफी या वयात उपयुक्त नसते.

मदत कोठे

10 ते 19 वर्षे वयोगटासाठी केंद्र सरकारने 7 जानेवारी 2014 रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत मध्य प्रदेशात 'उमंग', तर महाराष्ट्रात 'मैत्री' या नावाने किशोरवयीनांसाठी सल्ला केंद्रे चालवली जातात. जबलपूरमध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि महिलांसाठीचे राणी दुर्गावती रुग्णालय या सरकारी संस्था आहेत. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी महिला उपस्थित असावी, हा स्त्रीरुग्णाचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत नोंदवलेला आहे. मुलीला तो आधीच सांगितल्यास तपासणीची धास्ती बरीच कमी होते.

त्याहीपूर्वी गरज असते ती घरातील संवादाची. पहिली गाठ हाताला लागण्याआधीच आईने, मावशीने किंवा शिक्षिकेने या बदलांची कल्पना दिली असेल, तर मुलगी दुखणे लपवणार नाही आणि खरोखर उपचारांची गरज असेल तेव्हा वेळही वाया जाणार नाही.