नोकरदार माता आणि बाळाचे पहिले सहा महिने

जन्मापासून सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज अन्य काहीही, अगदी पाण्याचा थेंबही, देण्याचे कारण नाही, असे आरोग्यशास्त्र सांगते. नोकरी करणाऱ्या स्त्रीला कायद्याने प्रसूतीनिमित्त जी भरपगारी रजा दिली आहे, ती २६ आठवड्यांची म्हणजे १८२ दिवसांची आहे. या दोन गोष्टी एकापुढे एक ठेवल्या असता शास्त्र आणि कायदा यांचा मेळ उत्तम बसला आहे, असे कोणासही वाटेल. कागदावर तो बसलाही आहे. परंतु प्रत्यक्षात अनेक माता बाळ चार महिन्यांचे होताच कचेरीत वा कारखान्यात हजर झालेल्या दिसतात. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार गरोदरपणातच व्हावयास हवा. बाळंतपण पार पडल्यावर हा हिशेब मांडावयास कोणत्याही मातेला उसंत मिळत नाही.

रजेचा हिशेब

या २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित दिनांकापूर्वी घेता येतात. ‘घेता येतात’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. ते आठ आठवडे आधी घेतलेच पाहिजेत असे कायदा म्हणत नाही. परंतु पुष्कळ आस्थापनांत तसा परिपाठ पडून गेला आहे, आणि पहिलटकरीण बिचारी लिपिकाने भरून दिलेल्या अर्जावर सही करून मोकळी होते. आठ आठवडे आधी गेले की मागे उरतात अठरा. अठरा आठवडे म्हणजे १२६ दिवस, चार महिन्यांहून थोडे अधिक. म्हणजे केवळ स्तनपानावर राहावयाच्या काळातले जवळजवळ दोन महिने बाळ दिवसभर आईवाचून असते. वरचे दूध, बाटली आणि त्यापाठोपाठ येणारे जुलाब यांचा घरात प्रवेश होतो तो बहुधा याच दोन महिन्यांत.

यास्तव प्रकृती ठीक असेल, काम बैठे असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर प्रसूतीपूर्वी थोडीच रजा घेऊन उरलेली बाळासाठी राखून ठेवणे श्रेयस्कर ठरते. मात्र पेडण्याहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत दररोज बसने ये-जा करणाऱ्या, किंवा पाळीभर उभ्याने काम करणाऱ्या स्त्रीला हा सल्ला सरसकट देणे योग्य नव्हे. रक्तदाब वाढलेला असेल, पायांवर सूज असेल, तर विश्रांती आधीच हवी. तेथे हिशेब करीत बसू नये.

रजेची सूचना नियोक्त्याला लेखी द्यावी. ती आधी देता आली नाही, तर प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर दिली तरी चालते. केवळ सूचना दिली नाही एवढ्याच कारणावरून लाभ नाकारता येत नाही. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ मिळावयाची असते आणि उरलेली रक्कम प्रसूतीचा दाखला सादर केल्यापासून ४८ तासांच्या आत. अपेक्षित प्रसूतीच्या दिनांकापूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे, एवढीच काय ती अट. रजेच्या काळात कामावरून काढून टाकणे बेकायदेशीर आहे, हेही मातेने आणि तिच्या वरिष्ठाने दोघांनीही ध्यानात ठेवावे.

हे सर्व हक्क मूळच्या १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमातले. त्या अधिनियमात रजा बारा आठवड्यांची होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती २६ आठवड्यांची झाली. पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि जुन्या अधिनियमाची जागा तिने घेतली. तथापि २६ आठवड्यांची मुदत संहितेतही कायम आहे. केंद्र शासनाच्या सेवेतील महिलांना सेवानियमांनुसार १८० दिवसांची रजा २००८ पासून मिळते.

या तरतुदीत एक बोचरी बाजू आहे. दोन किंवा अधिक अपत्ये हयात असतील, तर पुढील बाळंतपणाला २६ नव्हे तर १२ आठवडेच मिळतात, आणि त्यांतले सहा प्रसूतीपूर्वी घेतले तर बाळाच्या वाट्याला दीड महिनाही धड येत नाही. कायद्याची भाषा हयात अपत्ये मोजते, बाळंतपणे नव्हे. तेव्हा पहिल्या खेपेला जुळी झालेल्या मातेलाही दुसऱ्या खेपेस ही अडचण येऊ शकते. लोकसंख्येचा विचार यामागे असेल. परंतु तिसऱ्या बाळाची भूक पहिल्याहून कमी नसते, एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही.

पुन्हा कामावर रुजू होताना

‘कामावर गेले की दूध आटते’ हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. त्यात तथ्य आहे ते एवढेच की, दूध जितके बाहेर पडेल तितके ते नव्याने तयार होते, आणि स्तन तासन् तास भरलेले राहिले तर शरीर आपोआप निर्मिती कमी करते. म्हणजे दूध आटण्याला नोकरी कारण नसून दिवसभर दूध न काढणे कारण आहे. पाजता येत नसेल तेथे दर तीन तासांनी हाताने दूध काढले, आणि सकाळी निघण्यापूर्वी, परतल्यावर व रात्री बाळाला अंगावर पाजले, तर बहुसंख्य मातांचे दूध टिकते. रात्रीचे पाजणे विशेष उपयोगी. दूध निर्माण करणाऱ्या अंतःस्रावाचे प्रमाण रात्री अधिक असते.

रुजू होण्यापूर्वी दोन-तीन आठवडे याची सवय करावी. हात साबणाने धुऊन, उकळून घेतलेल्या रुंद तोंडाच्या स्टीलच्या भांड्यात दूध काढावे. पहिल्या दिवशी भांड्याचा तळही झाकला जात नाही, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. हाताला वळण लागण्यास चार-सहा दिवस जातात. एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसाकाठी सरासरी पाऊण लिटर दूध पिते. आई घराबाहेर दहा तास राहणार असेल, तर सुमारे तीनशे मिलिलिटर दुधाची तजवीज हवी. आठ तासांची नोकरी प्रवास धरता दहा तासांची होते, हे बसच्या रांगेत उभे राहणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या उष्णतामानात चार तास चांगले राहते. आपल्या किनारपट्टीवर घरातले उष्णतामान वर्षाचा बराच काळ याहून अधिक असते. त्यामुळे ते लगेच शीतकपाटात ठेवावे, तेथे ते चार दिवस टिकते. कचेरीतून घरी आणावयाचे असल्यास बर्फाच्या पिशव्या घातलेल्या बंद पेटीत ते २४ तास सुरक्षित असते. पाजतेवेळी भांडे कोमट पाण्यात ठेवून ऊब द्यावी, उकळू नये. ठेवलेल्या दुधावर साय आल्यासारखा थर दिसतो, तो नासल्याचे लक्षण नव्हे. भांडे हलकेच हलविले की तो मिसळून जातो. बाळाने तोंड लावून उरलेले दूध दोन तासांनंतर ठेवू नये.

हे दूध द्यावयाचे ते वाटी-चमच्याने किंवा आपल्या घरोघरच्या जुन्या बोंडल्याने. ज्या घरांच्या फडताळात आजीच्या वेळचे बोंडले अजून पडून असेल, त्यांनी ते घासून-उकळून अवश्य वापरात आणावे. बाटलीच्या बुचाच्या कानाकोपऱ्यांत जंतू साठतात, तसे बोंडल्यात साठत नाहीत. शिवाय बाटलीची सवय झालेले मूल अंगावर ओढावयास कुरकुर करते. बाटल्या आणि डब्यातील शिशुदुग्ध यांच्या जाहिरातींना आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या त्याच्या दुरुस्तीने मनाई आहे, ती उगीच नव्हे. पहिले काही दिवस बोंडले आईने स्वतः देऊ नये. जवळ आई असताना बाळ वाटीकडे पाहावयास तयार नसते. आजी, आत्या किंवा वडील यांनी ते काम घ्यावे.

आणि येथेच घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा प्रश्न येतो. सावंतवाडीहून वा बेळगावहून लेकीच्या किंवा सुनेच्या मदतीसाठी पणजीत येऊन राहिलेली आजी नसती, तर कित्येक मातांची नोकरी केव्हाच सुटली असती. तिचे हळिवाचे लाडू, तिचे न्हाऊमाखू घालणे, शेक-शेगडी, रात्री बाळाला खांद्यावर घेऊन फिरणे, यांचे मोल करता येणार नाही. फक्त मधाचे बोट, गुळाचे पाणी आणि सहा महिन्यांपूर्वीची गुटी यांबाबत तिची समजूत घालावी लागते. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. त्यातून एका विषारी जंतूची बाधा होण्याचा धोका असतो. ही समजूत सुनेने घालण्यापेक्षा परिचारिकेने किंवा डॉक्टरांनी घातलेली बरी. मुलग्याचे उष्टावण सहाव्या वा आठव्या महिन्यात आणि मुलीचे पाचव्या वा सातव्यात, अशी रूढी अनेक घरांत आहे. शास्त्र मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. सहा महिने पूर्ण होताच दोघांनाही नाचणीचे सत्त्व, मऊ भात-वरण सुरू करावे आणि स्तनपान दोन वर्षांपर्यंत व त्यानंतरही चालू ठेवावे.

कामाच्या ठिकाणी बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत मातेला नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी विराम मिळण्याचा हक्क आहे. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असली पाहिजे, आणि मातेला तेथे दिवसातून चार वेळा जाता आले पाहिजे. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजा संपल्यावर घरून काम करण्याची मुभा परस्परसंमतीने घेता येते. पाळणाघर नसलेल्या लहान कचेऱ्यांत निदान कडी लागणारी एक स्वच्छ खोली आणि हात धुण्याची सोय असावी. दूध काढावयास स्वच्छतागृहात जावे लागणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. लाज वाटावयाची ती मातेला नव्हे. जेवण कोणी स्वच्छतागृहात तयार करीत नाही.

मातेच्या स्वतःच्या प्रकृतीकडे मात्र या सर्व धावपळीत कोणाचेच लक्ष नसते. प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या घ्यावयाच्या असतात. रुजू झाल्यावर त्या हटकून बंद पडतात. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत उगाच रडू येणे, जीव कासावीस होणे हे पुष्कळ बाळंतिणींना होते आणि आपोआप ओसरते. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप येईनाशी झाली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर तो आजार समजावा आणि डॉक्टरांकडे जावे. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. अशा स्त्रीला ‘नोकरीची हौस, दुसरे काय’ असे बोलणारे शेजारी भेटतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

ज्यांना रजाच नाही

आतापर्यंतचे विवेचन हजेरीपटावर नाव असलेल्या स्त्रियांचे झाले. म्हापशाच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, बांधकामावर विटा वाहणारी माता, हिची रजा कोणी मंजूर करावयाची? तिच्यासाठी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये, आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये. अंगणवाडी सेविकेकडे वेळीच नोंद केली पाहिजे. ही रक्कम सहा महिन्यांच्या मजुरीची भरपाई नव्हे, हे उघड आहे. परंतु सव्वा महिन्याच्या आत ओल्या बाळंतिणीला पाटी उचलावी लागू नये, एवढा आधार तिने होऊ शकतो. बांधकामावरील बालकांसाठी फिरती पाळणाघरे चालविण्याचा उपक्रम मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत सुरू केला. असे प्रयत्न आणखी हवे आहेत. रोजंदारीवर आणि कंत्राटावर असलेल्या स्त्रियांनी मात्र आपल्याला हक्कच नाही असे समजू नये. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारी कामगार स्त्रियांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये त्यांना प्रसूती लाभ देय असल्याचा निर्णय दिला आहे.

पगारी रजेचा भार कोणी सोसावयाचा, हा वाद जुना आहे. मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा १९२९ चा. १९२८ मध्ये त्याच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित असल्याने त्याचा भार बव्हंशी सरकारने उचलावा, असा विचार मुंबई विधिमंडळात मांडला होता. कर्मचारी राज्य विमा योजनेत आज रजेचा मोबदला विमा निधीतून दिला जातो. त्यामुळे कारखानदाराला बाळंतीण कामगार जड वाटण्याचे कारण उरत नाही. जेथे हा मोबदला सर्वस्वी नियोक्त्याच्या तिजोरीतून जातो, तेथे नवविवाहितेला नोकरी देतानाच हात आखडता घेतला जाण्याचा धोका असतो. बाबासाहेबांच्या मुद्द्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

लसीकरणाविषयी एक व्यावहारिक सूचना. जन्मानंतरच्या लसी रुग्णालयातच होतात. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी प्रसूती रजेत उरकतात. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते, आणि तोवर आई कामावर रुजू झालेली असते. त्या दिवसासाठी एक नैमित्तिक रजा आधीच राखून ठेवावी. ती वडिलांनी काढली तरी लस तितकीच लागू पडते.