पात्र कोणाचे, बाजार कोणाचा?

शाळा उघडण्याचे दिवस आले की नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईत दप्तरांच्या राशी लागतात. आई दप्तराची शिवण आणि चेन ओढून पाहते. मूल मात्र त्यावरचे चित्र पाहते आणि त्याच दप्तरासाठी हट्ट धरते. ईदेच्या बाजारात मुलांच्या टी-शर्टांचेही हेच होते. कापड तेच, मजुरी तीच, पण छातीवर लोखंडी पोशाखाचा वीर किंवा कोळ्याचे जाळे फेकणारा वीर असला की माल लवकर उठतो.

हे वीर आले कोठून, त्यांच्यावर मालकी कोणाची आणि त्यांचे चित्र छापलेला माल विकणाऱ्या आपल्या दुकानदाराची जबाबदारी किती, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. विषय सिनेमाचा दिसला तरी मुळात तो मिळकतीचा आहे.

प्रथम आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ. मालेगाव म्हटले की नांदेडकरांना लोहा तालुक्यातील खंडोबाच्या यात्रेचे माळेगाव आठवते. आम्ही म्हणतो ते नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे मालेगाव. तेथे व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्याच हौशी मंडळींना घेऊन २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा विनोदी चित्रपट काढला. खर्च ५० हजार रुपयांच्या आसपास. फिरते छायाचित्रण करायला गाडी नव्हती, म्हणून सायकल वापरली. गावाने चित्रपट डोक्यावर घेतला आणि मालेगावात चित्रपट काढण्याचा एक छोटा धंदाच उभा राहिला.

पुढे नासिर शेख यांनी थेट अमेरिकेच्या सुपरमॅनला हात घातला. सुपरमॅन झाले यंत्रमागावर काम करणारे सडपातळ शफीक शेख. आकाशात उडण्याची दृश्ये घेण्यासाठी हिरवे कापड ताणून, त्यापुढे नटाला आडवे धरून काम भागविले. फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये या खटपटीवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. शफीक शेख २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले. पुढे रीमा कागती यांनी याच मंडळींच्या जीवनावर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट काढला. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर प्रदर्शित झाला.

या मंडळींच्या हुनरीत उणेपणा नव्हता. उणीव होती ती मालकीची. शोलेतील गब्बर त्यांचा नव्हता, सुपरमॅनही त्यांचा नव्हता. दुसऱ्याच्या जागेवर बांधलेले घर कितीही सुंदर असले तरी त्यावर कर्ज मिळत नाही आणि ते विकताही येत नाही. गावापुरता धंदा होता तोवर चालले. मोठ्या बाजारात जायचे तर प्रथम विचारले जाते, पात्र कोणाचे?

याच प्रश्नाचे उत्तर हाती असल्यामुळे अमेरिकेतील मार्व्हल ही कंपनी दिवाळखोरीतून वर आली. मुळात ही चित्रकथांची मासिके छापणारी कंपनी. स्पायडर-मॅन हे तिचे १९६२ चे पात्र. डिसेंबर १९९६ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १९९८ मध्ये खेळणी बनविणाऱ्या एका कंपनीशी ती जोडली गेली. अडचणीच्या त्या काळात तिच्या उत्तमोत्तम पात्रांचे चित्रपटाचे हक्क इतरांच्या हाती गेले होते. स्पायडर-मॅन सोनीकडे आणि एक्स-मेन फॉक्सकडे. घरचे दागिने मोडून घर चालवावे तसा तो प्रकार होता. सोनीच्या स्पायडर-मॅनने २००२ मध्ये अफाट कमाई केली. मूळ मालकाच्या वाट्याला त्यातील थोडीच रक्कम आली.

तेव्हा कंपनीने ठरविले की उरलेल्या पात्रांचे चित्रपट स्वतःच काढायचे. भांडवल नव्हते. म्हणून २००५ मध्ये तिने आपल्या १० पात्रांचे चित्रपटाचे हक्क तारण ठेवून ५२.५ कोटी डॉलर उभे केले. व्यापारी बंधूंनी येथे क्षणभर थांबावे. तारण जमीन नव्हती, गोदाम नव्हते, सोने नव्हते. कागदावर काढलेली माणसे तारण होती! चित्रपट पडले असते तर तीही गेली असती.

मे २००८ मध्ये पहिला चित्रपट ‘आयर्न मॅन’ आला. सुमारे ५८ कोटी डॉलर मिळाले. त्याच्या अखेरीस एक छोटे दृश्य जोडले होते, ज्यात असे आणखी वीर जगात आहेत असा इशारा होता. साखळीची पहिली कडी तीच.

साखळी आणि मालिका यांत फरक आहे. मुंबईत राकेश रोशन यांनी ‘कोई मिल गया’ (२००३), ‘क्रिश’ (२००६) आणि ‘क्रिश ३’ (२०१३) काढले. बापाची गोष्ट मुलाकडे गेली, ही मालिका झाली. साखळीचे तसे नाही. असे समजा की पाच भावांची पाच वेगळी दुकाने आहेत. एक कापडाचे, एक भांड्यांचे, एक चपलांचे. प्रत्येकाचे गिऱ्हाईक निराळे. पण यात्रा भरली की पाचही भाऊ मिळून एकच मोठा स्टॉल लावतात, तेव्हा पाचही दुकानांचे गिऱ्हाईक एका ठिकाणी येते आणि परतताना इतर भावांची दुकानेही पाहून ठेवते. मार्व्हलने प्रत्येक वीराचा स्वतंत्र चित्रपट काढला आणि २०१२ मध्ये ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये सर्वांना एकत्र आणले. त्या एका चित्रपटाची कमाई १५० कोटी डॉलरवर गेली. तत्पूर्वीच, २००९ मध्ये, डिस्नेने ही कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरला विकत घेण्याचा सौदा केला होता. एप्रिल २०१९ मधील ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ हा या साखळीतील २२ वा चित्रपट. त्याने जगभरात २७९ कोटी डॉलर मिळविले. भारतातही तो हिंदी, तमिळ, तेलुगू बोलीत धावला आणि साडेतीनशे कोटी रुपयांच्या पुढे गेला.

पण बाजाराचा नियम मोठ्यांनाही सुटत नाही. पुढे चित्रपटांबरोबर घरबसल्या पाहण्याच्या मालिकांचाही भडिमार झाला. एक गोष्ट समजण्यासाठी आधीच्या चार पाहणे भाग पडू लागले. गिऱ्हाईक थकले. २०२३ मधील ‘द मार्व्हल्स’ने २० कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला, जो खर्च भरून निघण्यास पुरेसा नव्हता. कंपनीने उत्पादन कमी केले आणि २०२४ मध्ये एकच चित्रपट आणला. त्याने १३० कोटी डॉलरहून अधिक कमावले. दुकानात माल कोंबला की विक्री वाढतेच असे नाही, हे आपल्या मंडीतील अनुभवी माणूस सांगतोच.

आता आपल्या दुकानाकडे येऊ. या वीरांची चित्रे ही नोंदलेली मिळकत आहे. परवानगीवाचून ती छापणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. छापणारा एकीकडे, पण विकणाराही सुटत नाही. खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणाऱ्यास व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम १०४ खाली तेवढीच शिक्षा आहे. मात्र त्याच कलमात एक ढालही आहे. आपण योग्य ती खबरदारी घेतली, संशय येण्याचे कारण नव्हते आणि माल कोणाकडून आणला ते सांगितले, हे दुकानदाराने सिद्ध केले तर त्याचा बचाव होतो. कच्च्या चिठ्ठीवर आणलेल्या मालाला ही ढाल मिळणे कठीण. म्हणून माल हैदराबादहून येवो की मुंबईहून, पक्के बिल घ्यावे आणि परवान्याची विचारणा करावी.

यापेक्षा चांगला मार्ग स्वतःच्या पात्राचा आहे. मालेगावानेच तो दाखविला. तेथील विनोदी कलाकारांनी उभा केलेला छोटू दादा हा कोणाची नक्कल नाही. कधी तो ट्रॅक्टरवाला, कधी आणखी कोणी. पण माणूस तोच, आणि यूट्यूबवर त्याला पाहणारे कोटींनी मोजावे लागतात.

आपला दप्तर शिवणारा कारागीर किंवा मुलांचे कपडे शिवणारा हेच लहान प्रमाणात करू शकतो. एखाद्या पेंटरकडून आपले चित्र काढून घ्यावे, पण मोबदल्याबरोबर हक्काचा कागदही करावा. कॉपीराइटचे हस्तांतर लेखी व सहीचे लागते आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांचेच धरले जाते. नाव व चिन्हाची नोंदणी व्यापारचिन्ह कार्यालयात करता येते. ती १० वर्षे टिकते आणि पुन्हा वाढविता येते.

आपल्या हातात हुनर पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या हुनरीवर दुसऱ्याचे चित्र चिकटवून आपण मजुरीच तेवढी कमावतो आणि वर जोखीमही आपणच घेतो. पुढच्या जूनमध्ये एखाद्या मुलाने नांदेड-लातूरच्याच एका चित्रासाठी हट्ट धरावा, अशी तयारी बंधूंनी आजपासून करावी.