कळ दाबली, अक्षर कोठून आले?

लॅपटॉपच्या चार-पाच कळा चालेनाशा झाल्या, की घरातली मंडळी लगेच म्हणतात, "गेला लॅपटॉप!" माजरीसारख्या कोळसा खाणींच्या गावात कळांखाली जायला धुळीचा काय तोटा? पण लॅपटॉप खरोखरच गेलेला असतो का? पुष्कळदा नाही. बाजारातून कोणत्याही कंपनीचा साधा कळफलक आणावा आणि त्याची वायर लॅपटॉपच्या यू.एस.बी. खाचेत घालावी, काम सुरू होते. लॅपटॉपचा पडदा फुटला असेल, तर वेगळा मॉनिटरही जोडता येतो. लॅपटॉप एका कंपनीचा, कळफलक दुसरीचा, मॉनिटर तिसरीचा. मग या तिघांचे जमते कसे? आणि कळफलकावर मराठी अक्षरे छापलेली नसतील, तर त्यावर मराठी लिहिता येईल का? या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ती समजून घेऊ या.

तारांची जाळी

साध्या कळफलकावर १०४ कळा असतात. प्रत्येक कळेला दोन स्वतंत्र तारा द्यायच्या म्हटले, तर २०८ तारा लागतील. त्याऐवजी ८ आडव्या आणि १३ उभ्या तारांची जाळी घ्या. ८ × १३ = १०४ छेदबिंदू मिळाले, तेही अवघ्या २१ तारांत! प्रत्येक छेदबिंदूवर एक कळ. कळ दाबली की तेथील आडवी व उभी तार एकमेकींना जोडली जाते. कळफलकातील एक छोटी चिप एकेका आडव्या तारेत क्रमाने विद्युत संकेत सोडते आणि तो कोणत्या उभ्या तारेतून बाहेर येतो ते पाहते. त्यावरून दाबलेल्या कळेची जागा तिला कळते.

आता सांगा, यांतील एकच तार तुटली तर काय होईल? त्या तारेवरील सर्व कळा एकदम बंद पडतील. लॅपटॉपच्या पाच-सहा कळा एकाच दिवशी मुक्या झाल्या, तर कारण बहुधा हेच असते. जाळी तुटलेली असते, संगणक धडधाकट असतो. बाहेरचा कळफलक स्वतःची जाळी घेऊन येतो, म्हणून काम पुन्हा चालू होते.

अक्षर नव्हे, क्रमांक

जागा कळल्यावर चिप लॅपटॉपला काय पाठविते? अक्षर नव्हे, फक्त एक क्रमांक! यू.एस.बी. पद्धतीचे प्रमाण १९९६ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीत प्रत्येक कळेला ठरावीक क्रमांक दिलेला आहे. इंग्रजी 'ए'च्या कळेला ४, 'बी'ला ५, असे करीत 'झेड'ला २९. सर्व कंपन्या हाच तक्ता पाळतात, म्हणून कोणाचाही कळफलक कोणाच्याही लॅपटॉपला चालतो. बिनतारी ब्लूटूथ कळफलकही हेच क्रमांक वापरतो.

गंमत अशी, की यू.एस.बी. कळफलक आपण होऊन बोलत नाही. वर्गात हजेरी घेताना गुरुजी विचारतात तेव्हाच आपण उत्तर देतो ना? तसेच लॅपटॉप त्याला सेकंदाला सुमारे शंभर वेळा विचारतो, "काही दाबले आहे काय?" कळफलक उत्तरादाखल दाबलेल्या कळांचे क्रमांक देतो.

आता माजरी जंक्शनवर थांबलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. डब्यातील २१ क्रमांकाचा बर्थ रोज तेथेच असतो. पण आज त्यावर कोण बसले आहे, हे आरक्षणाचा तक्ता पाहून कळते. तक्ता बदलला की प्रवासी बदलतो, बर्थ तोच राहतो. कळेचा क्रमांक म्हणजे बर्थ, आणि लॅपटॉपमधील भाषेची मांडणी म्हणजे तक्ता. २१ क्रमांक आला आणि इंग्रजी तक्ता चालू असला, की पडद्यावर 'आर' उमटतो. मराठी तक्ता लावला, की त्याच कळेतून दीर्घ वेलांटी येते!

मराठीचा तक्ता

हा तक्ता म्हणजे 'इन्स्क्रिप्ट' मांडणी. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ साली प्रमाणित केली आणि १९९१ साली तिला भारतीय मानकात स्थान मिळाले. स्वर डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजवीकडे. 'क'च्याच कळेवर शिफ्ट धरली की 'ख', 'ग'वर 'घ', 'प'वर 'फ'. म्हणजे आपल्या वर्णमालेचे शास्त्रच तेथे कामी आले आहे. शिवाय तेलुगू, बंगाली, गुजराती यांचाही 'क' त्याच कळेवर असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमाभागात मराठी व तेलुगू दोन्ही बोलणाऱ्या मुलांना एका मांडणीत दोन लिप्या साधतात.

पडद्यापर्यंत

कळफलक आणि मॉनिटर यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. मध्ये लॅपटॉप असतो. तोच अक्षराचे चित्र काढून मॉनिटरकडे पाठवितो. दोघांच्या कामांत केवढे अंतर! कळफलकाचे एक उत्तर साधारणपणे ८ बाइटांचे, म्हणजे ६४ बिटांचे. मॉनिटरवर मात्र १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे. गुणाकार करून पाहा, उत्तर सुमारे ३ अब्ज बिट येते! म्हणूनच साध्या यू.एस.बी. कळफलकाला चार तारा पुरतात, तर एच.डी.एम.आय. जोडणीला १९ टाचण्या लागतात.

वेगळ्या पडद्याचा आणखी एक लाभ आहे. लॅपटॉपचा पडदा व कळा एकत्र जखडलेल्या असल्याने मान वाकवावी लागते. डोके पुढे झुकले की तरफेचा भुज वाढतो आणि मानेच्या स्नायूंवरील ताणही वाढतो. पडदा डोळ्यांच्या पातळीला आणि कळा हाताशी ठेवल्या, तर मान सरळ राहते.

करून पाहा

१. संगणकाच्या सेटिंगमध्ये मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी निवडा. कोऱ्या पानावर सी, ई, पी, जे, आर या कळा क्रमाने दाबा. क्रमांक गेले ६, ८, १९, १३, २१. पडद्यावर काय आले? माजरी!

२. विंडोज असलेल्या लॅपटॉपला बाहेरचा कळफलक जोडा आणि दोहोंना कॅप्स लॉकचे दिवे असतील तर एकावरील कॅप्स लॉक दाबा. दिवा दुसऱ्यावरही लागेल. का? कारण तो दिवा लावण्याची आज्ञा लॅपटॉपकडून येते.

कळांवर इंग्रजी छापले आहे म्हणून पुष्कळ मुले मराठीसुद्धा रोमन अक्षरांत लिहितात. तसे करण्याचे काही कारण नाही. कळेवरील छापील अक्षर ही केवळ आपल्या डोळ्यांसाठी केलेली खूण आहे. संगणकाला ती दिसतही नाही. कोणता तक्ता लावायचा, हे तुमच्या हाती आहे.